आमच्या टीमचे स्वामी

फुटबॉलच्या मैदानावर येताना स्वामी चपला रेषेबाहेर काढायचे. चुन्याची पांढरी रेघ आली की थांबायचे, वाकून दोन्ही चपला शेजारी-शेजारी लावायचे आणि मग अनवाणी आत. मैदान कसलं, माळच तो. कुसळं, खडे, मधेच बाभळीचा काटा. आमचे खेळाचे सर म्हणायचे, स्वामी, हे काय देऊळ न्हाय, चपला घाला, काटा मोडंल. त्यावर स्वामी म्हणायचे, "पोरी पळत्यात न्हवं इथं?" एवढंच. आणि आम्ही पोरी बूट घालून पळतो, हे मात्र त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही.

कॉलेजच्या टीमला कोच असतो, मॅनेजर असतो. आमच्या मुलींच्या फुटबॉल टीमला या दोघांखेरीज एक स्वामी होते. असे स्वामी कुठल्याच कॉलेजला नसतात, आणि आमच्याही कॉलेजला ते नको होते. पण ते होते, आणि अजूनही गावात आहेत. ऐंशीला टेकलेत, कानानं कमी ऐकतात, पण मी दिसले की विचारतात, "चेंडू चालू हाय का गं?"

आमचं गाव मुरुमच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेला लागून. घरात मराठी, बाजारात मराठी, चिडल्यावर कानडी. स्वामी गावचे जंगम. लिंगायतांच्या घरी बारसं, लग्न, घरभरणी, मर्तिक, काहीही असो, स्वामींशिवाय पान हलत नाही. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या करंड्यात इष्टलिंग, अंगात पांढरा सदरा आणि खांद्यावर भगवं उपरणं. फुटबॉल म्हणजे काय हे त्यांना आमच्यामुळं कळलं, आणि शेवटपर्यंत अर्धवटच कळलं. गोलकीपरला ते राखणदार म्हणायचे. ऑफसाइड हा प्रकार त्यांना सरांनी तीनदा खडे मांडून समजावला. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "म्हंजे म्होरं गेलं तरी चूक, आन् मागं ऱ्हायलं तरी चूक. आमच्या सुनंसारखं झालं की ह्ये."

ते टीममध्ये आले ते आमच्या घरातून. सरांना मुलींची टीम करायची होती. आमच्या भागात मुलींच्या खो-खोला रग्गड टीमा, पण फुटबॉलला बोटावर मोजण्याएवढ्या. म्हणजे टीम उभी केली की निम्मी लढाई जिंकल्यासारखीच, असं सरांचं गणित. आम्ही बहुतेक जणी खो-खो खेळलेल्या, पळायला तयार. अडचण एकच होती, सामन्याला बाहेरगावी राहावं लागणार. कुणाचेच आई-बाप ऐकेनात. सर आमच्या घरी आले तेव्हा माझे अप्पा ओसरीवर बसले होते. अप्पांचं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, पण माल द्यायचाही नाही, ही कला त्यांना चांगली जमते. ते सरांना म्हणाले, "आमची ना न्हाय. पण संगं कुणीतरी भरवशाचं पायजे. आता आपले स्वामी जात असतील, तर डोळे झाकून पाठवतो."

अप्पांना वाटलं, विषय मिटला. सत्तरीचा माणूस, पूजेशिवाय तोंडात घास घालत नाही, तो कशाला जातोय पोरींच्या चेंडूमागं. पण स्वामी त्या वेळी आतल्या खोलीत होते. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नाची तिथी काढायला आले होते आणि आईनं दिलेलं दूध पीत बसले होते. आतूनच त्यांचा आवाज आला, "जातो की. मला कुठं कामं हायत?"

अप्पांचा शब्द तोंडातून गेला होता. मग स्वामी जाणार म्हटल्यावर बाकीच्या घरचेही एकेक करून तयार झाले. सगळ्यात शेवटी नसीमचे अब्बा. त्यांचं मोटार-वायंडिंगचं दुकान होतं. ते मुळातच कमी बोलणारे. दुकानातून उठून ते स्वामींच्या घरी गेले, त्यांच्याकडून त्यांचा मोबाईल नंबर घेतला आणि म्हणाले, "स्वामी, फोन उचलत जावा तेवढा." नसीम आमची गोलकीपर झाली. तिच्यासारखी गोलकीपर मी नंतर पाहिली नाही. चेंडू येताना ती डोळे मिटायची नाही. बाकी आम्ही सगळ्या मिटायचो.

स्वामी टीमसोबत काय करायचे, हे सांगणं अवघड आहे. काही करायचे नाहीत. सकाळी मुक्कामाच्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायचे. त्या वेळी आजूबाजूला कितीही गोंधळ असला तरी त्यांची नजर हलायची नाही. नसीम म्हणायची, गोलकीपरनं असं बघायला शिकलं पाहिजे. सामन्याआधी आम्ही रांगेनं त्यांच्यापुढं जायचो. ज्यांना हवं त्यांच्या कपाळाला ते भस्माचं बोट लावायचे. नसीम आली की हात मागं घ्यायचे आणि म्हणायचे, "तुझं तू म्हण, म्या हुबा हाय." नसीम ओंजळ करून तिची दुआ म्हणायची, तोवर ते खरोखरच तिच्यासमोर हात जोडून उभे राहायचे. तिची झाली की दोघं आपापल्या जागी.

एकदा मी म्हटलं, स्वामी, आज आपल्याला जिंकू दे असं देवाला सांगा. तर म्हणाले, "देवाला चेंडूतलं काय कळतंय? मला तरी कुठं कळतंय."

सामना चालू झाला की ते चेंडूकडं बघायचेच नाहीत. चेंडू डाव्या बाजूला, तर स्वामींची नजर उजवीकडं. जी पोरगी पडली, जिच्या पायातून चेंडू गेला, तिच्याकडं ते बघत राहायचे. मग ती आमच्यातली असो नाहीतर समोरच्यांतली. पुष्कळदा सामना संपल्यावर शेजारच्या माणसाला विचारायचे, "कोण जिंकलं म्हनायचं?" आणि हरल्यावर त्यांचा एकच नियम होता. नायलॉनच्या पिशवीतून ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढायचे आणि म्हणायचे, "आधी जेवा, मग रडा." जेवून झाल्यावर रडू येत नाही, हे आम्हाला कळायला एक अख्खा हंगाम गेला.

पोरी त्यांना काहीबाही सांगायच्या. घरातली भांडणं, अभ्यासाचं, एखादीचं आणखी काही. ते ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी विषयही काढायचे नाहीत. एकीनं घाबरून विचारलं, स्वामी, घरी सांगणार नाही ना? ते म्हणाले, "माझा कान म्हंजे आड हाय. पडलेलं वर येत न्हाय."

सगळंच गोड होतं असंही नाही. स्वामी महाहट्टी. चहात साखर कमी असली की रुसायचे, आणि तो रुसवा पुढच्या गावापर्यंत चालायचा. क्रुझर गाडीच्या ड्रायव्हरला त्यांनी कधीही धड चालवू दिलं नाही. वाटेत देऊळ दिसलं की हात जोडायचे, दर्गा दिसला की हात जोडायचे, आणि ड्रायव्हरनं भरधाव नेली तर त्याला मागं वळून नमस्कार करायला लावायचे.

एकदा समोरच्या टीमच्या कोचनं पंचांकडं तक्रार केली. म्हणे, यांनी बुवा आणलाय, तो आमच्या गोलामागं राख टाकतोय. खरं म्हणजे स्वामी तिथं सावलीला बसले होते आणि हात झटकत होते. पंचांनी त्यांना बोलावलं. आम्हाला वाटलं, आता भांडण होणार. स्वामींनी सगळं ऐकून घेतलं आणि भस्माची डबी उघडून पंचांपुढं धरली. म्हणाले, "त्यास्नीबी लावतो. म्हंजे वादच मिटला." समोरच्या टीममधल्या निम्म्या पोरी रांगेत येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या गोलकीपरनं तर दोनदा लावून घेतलं. त्या सामन्यात तिनं आमचा एकही गोल होऊ दिला नाही. सर परतीच्या वाटेवर म्हणाले, "स्वामी, डबी घरी ठेवत चला." स्वामी हसले, पण डबी काही घरी राहिली नाही.

सरांचं आणि त्यांचं तसं बरं होतं. खरं बिनसलं ते धाराशिवच्या सेमीफायनलला.

त्या वर्षी आमची टीम चांगली जमली होती. धाराशिवच्या मैदानावर आम्ही हाफ टाइमला दोन-एकनं पुढं होतो. ही मॅच जिंकली की फायनल, आणि फायनलला गेलेल्या कॉलेजकडं सगळ्यांचं लक्ष जातं. सरांनी पाच वर्षं त्यासाठी घासली होती. कॉलेजात त्यांना कुणी विचारत नव्हतं. खेळाच्या तासाला गणिताचे जादा तास घेतले जात होते. त्यामुळं तो दिवस त्यांचा होता, हे आम्हालाही कळत होतं.

आम्ही पाणी पीत होतो. स्वामी थोडे बाजूला फोनवर बोलत होते. फोन कानाला न लावता तोंडासमोर धरून बोलायची त्यांची सवय, त्यामुळं पलीकडचा आवाज मलाही थोडा ऐकू आला. नसीमचे अब्बा होते. दादीचं काही खरं नव्हतं. सकाळपासून ती नसीमचं नाव घेत होती. नसीमची आई ती लहान असतानाच गेलेली. दादीनंच तिला वाढवलं होतं. अब्बा शेवटी म्हणाले, तुमाला योग्य वाटंल तसं करा, स्वामी, खेळ झाल्यावर आणली तरी चालंल.

स्वामींनी सरांना बाजूला घेतलं. मी कॅप्टन, म्हणून मीही गेले. सरांनी ऐकलं आणि क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाले, अर्धाच खेळ राहिलाय. आत्ता सांगितलं तर ती खेळू शकणार नाही, आणि जाऊन तरी ती काय करणार आहे? वडीलच म्हणतायत खेळ झाल्यावर. मॅच संपली की त्याच क्षणी गाडी काढू. एवढ्या वेळानं काय फरक पडतो?

"पडला तर?" स्वामी म्हणाले.

सर म्हणाले, टीमची जबाबदारी माझी आहे. ते चिडून बोलत नव्हते. विनवत होते. स्वामींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी त्यांना सरांना असा हात लावताना पहिल्यांदाच बघत होते.

"सर, निरोप तिचा हाय. तुमचा न्हाय आन् माझाबी न्हाय. तिचं तिला देऊ. मग तिला खेळायचं तर खेळंल."

आणि ते सरळ नसीमकडं गेले. तिच्यापुढं खाली मातीत बसले आणि सांगितलं. मोठी प्रस्तावना नाही, देवाचं नाव नाही. दादी थकलीय, तुला बघायचं म्हनतीय, गाडी तयार हाय, जायचं का ऱ्हायचं तू सांग. नसीमनं आमच्याकडं बघितलं. आम्ही बुटांच्या नाड्या बांधायला वाकलो. 'जा' म्हणायला पाहिजे होतं. मग तिनं हातमोजे काढले आणि माझ्या हातात दिले, कारण सगळ्यांत उंच मी होते.

क्रुझर गेली. बाकावरची राखीव पोरगी मैदानात आली आणि मी गोलात उभी राहिले. चेंडू आला की माझे डोळे मिटत होते. पहिला गोल झाला तेव्हा आम्ही बरोबरीत आलो. दुसरा शेवटी-शेवटी, माझ्या दोन पायांच्या मधून गेला. तो चेंडू इतका हळू आला होता की लहान पोरानंही अडवला असता. आम्ही तीन-दोननं हरलो.

सर आमच्याकडं पाठ करून बसले. आमची गाडी गेलेली, एसटी संध्याकाळची. समोरच्या टीमच्या पोरी नाचत होत्या. कुणाला तरी स्वामींची पिशवी बाकाखाली दिसली. घाईत राहिली होती. मी भाकरी काढल्या. पोरी खाईनात. मी एक तुकडा मोडला, चटणी लावली आणि सरांपुढं नेला. त्यांनी बराच वेळ तो हातात घेतला नाही. मग घेतला, खाल्ला, आणि म्हणाले, "बाकीच्यांना पण दे." तेवढंच ते त्या दिवशी बोलले.

गाडीत काय झालं ते नसीमनं आम्हाला पुढं सांगितलं. तुळजापूरपर्यंत ती आवाज दाबून रडत होती. स्वामी पुढच्या सीटवरून म्हणाले, "मोठ्यानं रड. डायवर आपलाच हाय." नळदुर्ग ओलांडेपर्यंत ती मोठ्यानं रडली. त्यानंतर स्वामी एकदाच बोलले, कानडीत, "अंजब्याड अव्वा." भिऊ नको बाई. नसीमला कानडी येत नाही, पण आमच्या भागात एवढं सगळ्यांना कळतं. आणि तिनं सांगितलं, वाटेत एकाही देवळाला त्यांनी त्या दिवशी गाडी हळू करू दिली नाही.

दादी जागी होती. नसीमचा हात हातात घेऊन तिनं विचारलं, "जीत को आई क्या गे?" नसीम गोंधळली. मॅचचं काय झालं ते तिला कुठं माहीत होतं. स्वामी दारात उभे होते. त्यांनी फक्त मान हलवली, खरं असंल ते सांग म्हणून. नसीम म्हणाली, "निकली तब आगेच थे, दादी." दादी हसली. तिनं नसीमच्या बोटांवरची माती पुसली आणि घरच्यांना म्हणाली, पोरीला खायला द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादी गेली. स्वामी तोवर नसीमच्याच अंगणात खाटेवर बसून होते. दफन करायला गेले तेव्हाही सगळ्यांच्या मागून चालत गेले. मूठभर माती त्यांनीही दिली. कुणीतरी विचारलं, स्वामी, तुम्हाला चालतं का हे? ते म्हणाले, "आमच्यातबी पुरत्यातच, मातीच देत्यात की."

सर मात्र त्यांच्याशी बोलेनात. कॉलेजातही चर्चा झाली. मुलींच्या टीमसोबत एक जंगम कशाला, त्याला खेळातलं काय कळतं, त्याच्यामुळं हातची मॅच गेली. पुढच्या हंगामाला ठरलं की स्वामी नकोत, एक मॅडम सोबत येतील. मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी घरोघरी जाऊन सांगितलं. आमच्या अप्पांनी त्यांना चहा पाजला, दुकानाची गोष्ट काढली आणि शेवटी माल काही दिला नाही. बाकीच्या घरीही तेच. नसीमच्या अब्बांनी मात्र आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, स्वामी न्हाय तर पोरगी न्हाय.

टीम होईना. सरांनी आणखी आठवडाभर वाट बघितली आणि मग एका दुपारी मला बोलावलं. "चल," म्हणाले. कुठं ते सांगितलं नाही. आम्ही चालत स्वामींच्या घरी गेलो.

स्वामी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी सरांकडं बघितलं, जागा करून दिली आणि थोड्या शेंगा त्यांच्यापुढं सारल्या. सरही सोलू लागले. मी बेलाच्या झाडाखाली उभी. मग सरांनी सांगितलं, आतापर्यंत कुणाला न सांगितलेलं. त्यांचे वडील गेले तेव्हा ते पुण्याला एका शिबिरात होते. घरच्यांनी निरोप दाबून ठेवला होता, पोराचं शिबिर बुडू नये म्हणून. शिबिर संपवून, प्रमाणपत्र घेऊन ते घरी आले तेव्हा तिसऱ्याचा विधीही उरकला होता. "चांगल्यासाठीच केलं होतं त्यांनी," सर म्हणाले. "मीही त्या दिवशी तेच करायला निघालो होतो."

स्वामींनी सोललेले दाणे सरांच्या ओंजळीत घातले. सरांनी ते खाल्ले. कच्च्या तुरीची चव त्यांना आवडत नाही, हे मला माहीत होतं.

उठताना सर म्हणाले, "पण स्वामी, पुढच्या वेळी असा निरोप आला तर आधी मला विचाराल ना?"

"इचारीन की," स्वामी म्हणाले. "आन् मग तेच करीन."

सर हसले. त्या घटनेनंतर त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

टीम झाली. मॅडमही आल्या आणि स्वामीही. आमची आणि मॅडमची गट्टी जमली, कारण चहात साखर किती घालायची हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्वामींना विचारून घेतलं. त्या हंगामात आम्ही फायनल जिंकलो. नसीमनं शेवटची पेनल्टी अडवली. तिचे डोळे उघडे होते, माझे मिटलेले. मी दंगा ऐकूनच डोळे उघडले.

बक्षिसाच्या वेळी मांडवात माइकवरचा माणूस एकेकाला वर बोलवत होता. कॅप्टन, कोच, मॅडम. मग त्याला स्वामी दिसले. मैदानातून तसेच अनवाणी आलेले. त्यानं माइक बाजूला करून विचारलं, "हे कोण? ह्यांचं टीमला काम काय?" सर अडखळले. आम्ही सगळ्या त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. सरांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "हे आमचे स्वामी. आमच्या पोरींच्या घरचे ह्यांच्या भरवशावर पोरी पाठवतात. आणि मीही ह्यांच्याच भरवशावर आणतो."

टाळ्या पडल्या. मोठ्या नाही, पण पडल्या. त्यांनी स्वामींच्या अंगावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. स्वामींनी शाल खांद्यावर नीट केली, नारळ कानाशी हलवून बघितला, आणि मांडवाच्या पायरीवर आपटून फोडला. पाणी पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या बुटांवर उडालं. माइकवाला म्हणाला, "अहो, सत्काराचा नारळ घरी न्यायचा असतो."

"पोरी सकाळधरनं उपाशी हायत," स्वामी म्हणाले.

मग त्यांनी खोबऱ्याचे तुकडे करून आम्हाला वाटले, हरलेल्या पोरींना वाटले, पंचांना दिले. सरांच्या हातावर एक ठेवला, थोडा विचार केला, आणि "ह्यो धाराशिवचा" म्हणत आणखी एक ठेवला.